पडवीत किती हात होते

मागच्या मार्गशीर्षात मी आमच्या वाडीत एक मोजदाद केली. शेजारच्या घरात सात महिन्यांचं बाळ आहे. त्याची आई काजूच्या कारखान्यात जाते, वडील खलाशी, बोट धक्क्याला लागेल तेव्हाच घरी. सकाळी साडेसातला आई बाहेर पडली तेव्हापासून ती परत येईपर्यंत बाळ कोणाकोणाच्या कडेवर गेलं ते मी वहीत लिहीत गेले. आजी, चुलतआजी, समोरची काकी, शाळेला निघालेली दोन चुलत भावंडं, नारळ पाडायला आलेला गडी, अंगणवाडीची मदतनीस, आणि पाटी खाली ठेवून दोन मिनिटं त्याला उचलून घेणारी मासेवाली. आठ माणसं झाली.

माझी आई म्हणाली, "तुझ्या वेळेक ईस तरी झाली असती." अतिशयोक्ती नसावी. तेव्हा आमच्या रांगेतली अकराही घरं नांदती होती. आज त्यातल्या सहांना कुलूप आहे. ही काही एकट्या आमच्या वाडीची गोष्ट नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची सुमारे 4.8 टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची 2.2 टक्क्यांनी घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. बाप्ये मुंबईला, पुण्याला, बोटीवर नाहीतर आखातात. घरी म्हातारी माणसं, बायका आणि मुलं. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतो आणि पंधरा दिवसांत पुन्हा रिकामा होतो.

मूल वाढवायला माणसं लागतात हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. ती का लागतात याचं उत्तर मात्र जीवशास्त्रात फार खोलवर आहे, आणि ते कळलं की त्या सहा कुलपांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

ओरांगउटानची मादी आपलं पिल्लू वर्षानुवर्षं एकटी वाढवते आणि दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर ठेवते. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. माणसाची आई पहिल्याच दिवशी बाळ सुइणीच्या, आईच्या, नणंदेच्या हातात देते. शेती नसलेल्या, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजांतही दोन मुलांतलं अंतर साधारण तीन-चार वर्षांचं असतं. म्हणजे पहिलं मूल स्वतःचं पोट भरण्याच्या जवळपासही नसताना दुसरं येतं. माणसाचं मूल मोठं व्हायला अंदाजे 1.3 कोटी कॅलरी लागतात. मी ते भातात मोजून पाहिलं: एक किलो तांदळात सुमारे साडेतीन हजार कॅलरी धरल्या तर 37 क्विंटल तांदूळ होतो. हे एका बाईने, पोटात किंवा पाठीवर दुसरं मूल घेऊन, एकटीने मिळवणं शक्यच नव्हतं.

सारा हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ म्हणूनच म्हणतात की माणूस हा सामाईक संगोपन करणारा प्राणी आहे. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स यांनी पाहिलं की बाळंतीण बाळात गुंतलेली असते तेव्हा थोरल्या मुलांचं पोट आजीच्या कष्टावर चालतं. मूल होण्याचं वय संपल्यावरही बाई कित्येक वर्षं धडधाकट जगते, याचं एक कारण हेच असावं असा त्यांचा तर्क आहे. काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांत तर चार महिन्यांचं बाळ दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ आईखेरीज इतरांकडे असतं. पाळणाघर हे शहरी बायकांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. एकटीने, दार लावून मूल वाढवणं हीच माणसाच्या इतिहासात नवी गोष्ट आहे.

हातांची नुसती संख्या पुरत नाही, हेही तितकंच खरं. 1992 साली मेगन गनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या गटाने नऊ महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. आईला थोडा वेळ बाहेर पाठवायचं आणि बाळ अनोळखी बाईकडे द्यायचं. काही बाळांच्या वाट्याला आलेली बाई त्यांच्याशी बोलत-खेळत होती. काहींच्या वाट्याची बाई बाळ रडलं तर बघायची, एरवी आपल्या कामात. मग बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. कॉर्टिसोल हा ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून सुटणारा स्राव. दुर्लक्ष करणाऱ्या बाईकडच्या बाळांत तो वाढला. मायेने खेळवणाऱ्या बाईकडच्या बाळांत तो वाढलाच नाही, आई समोर नसूनही.

कॉर्टिसोल मुळात वाईट नाही. आपल्या व्हाळासारखंच, म्हणजे ओढ्यासारखंच, ते आहे. आषाढात पाणी चढतं, दोन दिवसांत ओसरतं, शेताला त्याने काही होत नाही. पण ओसरायला जागाच मिळाली नाही तर तेच पाणी शेताच्या मेरा, म्हणजे बांध, फोडतं. बाळाच्या मेंदूत पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे जोड तयार होत असतात. त्या काळात ताण चढलेलाच राहिला तर शिकणं, आठवण, राग आवरणं यांची घडण बिघडते. पाणी ओसरवणारा माणूस म्हणजे बाळाने हूं केलं की हूं म्हणणारा माणूस. ती आईच हवी असं नाही. पण कोणीतरी हवं, आणि ते रोजचं हवं.

आता आईकडे येऊ, कारण माझ्या मते खरा प्रश्न तिथेच अडतो, आणि त्यावरचं एक फार मोलाचं संशोधन आपल्याच किनाऱ्यावर झालेलं आहे. गोव्यात, म्हापशाच्या एका इस्पितळात, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 270 गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणानंतरही त्यांना गाठलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. चारातली जवळजवळ एक. आपल्याकडे याला आजार कोणी म्हणत नाही. "बाळंतवारा लागला", "बाहेरचं काही असेल", "हिलाच काय जगावेगळी पोरं झाली?" एवढ्यावर विषय संपतो.

नैराश्य कोणाला आलं, हे त्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. घरात पैशाची ओढाताण होती त्यांना. नवऱ्याशी पटत नव्हतं त्यांना. आणि मुलगी झाली त्यांना. घरात मार होता किंवा उपास होता, तिथे मुलगी होण्याने ओझं आणखी वाढलं. वाचताना मला गलबलून आलं, कारण आमच्या वाडीतल्या तीन घरांचे चेहरे लगेच डोळ्यांसमोर आले.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने बाळांबद्दल लिहिलं. आईला नैराश्य असलेल्या बाळांमध्ये सहा महिन्यांच्या वयात वजन आणि उंची कमी असण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं, जन्माचं वजन हिशोबात घेतल्यावरही. म्हणजे बाळ सुकतंय म्हणून आपण नाचणीचं सत्त्व, उकड्या तांदळाची पेज, आहळीव शोधत असतो, ते योग्यच आहे. पण भरवणाऱ्या हातात उठण्याचं बळ नसेल तर पेज वाटीतच थंड होते.

उपायही गोव्यातच तपासला गेला. डॉक्टर सगळीकडे पुरणार नाहीत हे उघड होतं. म्हणून त्याच वस्त्यांतल्या, स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून तयार केलं. त्यांना सखी म्हणत. नैराश्य असलेल्या 280 गरोदर बायकांपैकी निम्म्यांकडे या सख्या सहा ते चौदा वेळा गेल्या. आईची तब्येत, बाळाशी नातं, घरातल्या माणसांची मदत कशी मागायची, एवढ्याच विषयांवर बोलत. 2019 साली निकाल आला. सखी गेली त्या गटात नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेल्या बायका अधिक होत्या. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत मात्र दोन गटांत ठाम फरक दिसला नाही. मला या निकालातला दुसरा भागही महत्त्वाचा वाटतो. सखी म्हणजे जादू नाही. उपासमार आणि मार तसाच राहिला तर गप्पांनी किती होणार? तरी शेजारच्या बाईला थोडं शिकवून एवढं साधतं, ही लहान गोष्ट नव्हे.

झारखंड आणि ओडिशातला अनुभव याहून ठसठशीत आहे. एकजुट या संस्थेने गावोगावच्या बायकांचे गट दर महिन्याला बसवले. चित्रांची कार्डं, गोष्टी, आणि त्यातून निघणारा प्रश्न: आपल्या गावात नवजात मुलं कशाने दगावतात, आणि आपण काय करू शकतो? उत्तरं बायकांनीच शोधली. तीन वर्षांत नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी भरलं. 2013 साली अशा सात प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली: जिथे गावातल्या गरोदर बायकांपैकी किमान 30 टक्के गटात येत होत्या, तिथे परिणाम सर्वांत मोठा होता. दोन उत्साही बाया बसल्या म्हणून होत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जशी दोन्ही दोरांना पुरेशी माणसं लागतात, तसंच हे. आणि रापणीचा जुना रिवाज असा की जो दोराला हात लावील त्याला मासळी मिळते, मग तो रापणीच्या संघाचा असो वा वाटसरू.

इथे एक शंका येते. आपल्या वाड्यांमध्ये भाऊबंदकी आहे. बांधावरून, माडावरून, देवळातल्या मानावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं नाही. अशा ठिकाणी एकोपा कुठून आणायचा? याचं उत्तर मला शिकागोच्या एका अभ्यासात मिळालं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्प्सन आणि सहकाऱ्यांनी 343 वस्त्यांतल्या 8,782 माणसांना विचारलं: मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असली तर तुमचे शेजारी काही करतील का? भिंती रंगवत असली तर? 1997 साली त्यांनी दाखवलं की जिथे लोक "हो, करतील" म्हणाले तिथे हिंसा कमी होती, गरिबीचा हिशोब वेगळा काढल्यावरही. सगळ्यांची सगळ्यांशी घट्ट मैत्री असण्याची यासाठी गरज नसते. मुलाचा प्रश्न आला की शेजारी उठेल, एवढा विश्वास लागतो. बांधाचं भांडण कोर्टात चालू असूनही व्हाळात पाय घसरलेल्या पोराला पहिल्यांदा ओढून काढणारा माणूस त्याच भावकीतला असतो, हे आपण पाहिलेलं आहे. ते एका क्षणापुरतं असतं. त्याची सवय करायची आहे.

हाच समाज हात काढूनही घेतो, हे लपवून चालणार नाही. रायगडपासून खाली अनेक गावांत गावकीने कुटुंबं वाळीत टाकली. दुकानात सामान नाही, विहिरीवर बोलणं नाही, मयताला माणूस नाही. त्या घरातल्या मुलांशी कोणी खेळत नाही. वर सांगितलेलं कॉर्टिसोलचं पाणी त्या मुलांच्या दारात कायम चढलेलं असतं. 2016 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला, त्यामागे असल्या प्रकरणांचा मोठा वाटा आहे. जुनं गाव परत आणा असं मी म्हणत नाही. त्या गावाच्या पडवीत कोणाचं मूल चढू शकत होतं आणि कोणाचं अंगणातच थांबत होतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे.

ही रेघ ओलांडण्याचं कामही कोकणाच्याच किनाऱ्यावर झालं. डहाणूजवळ समुद्राला लागून बोर्डी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरांमागे जात म्हणून शिक्षिका कुरणात गेल्या; त्या शाळेचं नाव कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा बोर्डीचा शब्द देशभर गेला. त्यातलं अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं; खोली, वजनकाटा आणि रजिस्टर एवढंच पुढे गेलं. सेविकेच्या डोक्यावर इतक्या नोंदी आहेत की तिने कोणाच्या अंगणात बसायचं तरी कधी?

आमच्या वाडीत आम्ही सात जणी आता दर मंगळवारी दुपारी बसतो. गरोदर दोघी, लेकुरवाळ्या तिघी, आणि मी व माझी आई. गेल्या महिन्यापासून खालच्या वाडीतल्या दोघीही येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या पायरीशीच थांबल्या होत्या, माझ्या आईने हाताला धरून वर घेतलं. अंगणवाडीची मदतनीस वेळ मिळाला की डोकावते. बाळं मधोमध असतात. कोणाला झोप लागत नाही, कोणाचं दूध आटलंय, कोणाचा नवरा पैसे पाठवत नाही, हे बोललं जातं. उठताना प्रत्येकीने पुढच्या आठवड्यात कोणाचं मूल कधी बघायचं ते ठरवतो.

बसायला जागा हवी होती. कुलूप लागलेल्या सहांपैकी सर्वांत मोठी पडवी ज्यांची, त्या चाकरमान्यांना मी मुंबईला फोन केला. किल्ली आमच्याकडेच असते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वापरा गे पडवी. सांजेक तुळशीकडे दिवो तेवढो लावा."