चांगथांग

चांगथांग : तिबेटच्या पठाराच्या उत्तर व वायव्य भागातील अतिउंच गवताळ प्रदेश. लडाखच्या आग्नेय कोपऱ्यापासून पूर्वेस चीनच्या छिंगहाय प्रांतापर्यंत त्याची लांबी सुमारे १,६०० किमी. भरते. उत्तरेस कुनलुन, तर दक्षिणेस कैलास व न्येनछेन थांगला या पर्वतरांगा आहेत. समुद्रसपाटीपासून उंची बहुतेक ठिकाणी ४,३०० ते ५,२०० मी. भारतातील रूपशू, हानले व कोरझोक हा टापू चांगथांगचेच पश्चिम टोक होय.

भूमी रुंद, उथळ दऱ्यांची आणि बुटक्या डोंगरांची आहे. अंतर्भागातील नद्या समुद्राला मिळत नाहीत; त्या सरोवरांत जिरतात. पाणी बाष्प होऊन उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून सिलिंग त्सो, नाम त्सो, त्सो कार, पँगाँग अशी बहुतेक सरोवरे खारी वा मचूळ आहेत. त्यांच्या काठचे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्यांतून लादून दक्षिणेला न्यायचे आणि बदल्यात सातू आणायचे, हा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालला.

हवामान थंड, कोरडे व वादळी. हिमालयामुळे मोसमी वाऱ्यांतील ओलावा इथवर फारसा पोचत नाही. आग्नेय भागात वर्षाला ३०० मिमी.हून थोडा अधिक पाऊस पडतो, तर वायव्येस १०० मिमी.सुद्धा कठीण. जो पडतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये, पुष्कळदा गारा किंवा हिमकणांच्या रूपाने. हिवाळ्यात पारा −३०° से.च्या खाली उतरतो. हवा विरळ असल्याने ऊन भाजते आणि सूर्य ढगाआड जाताच गारठा भरतो. दुपारनंतर सुटणारा वारा वाळूसुद्धा उडवतो. बऱ्याच भागात जमीन खाली बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो. याच कोरड्या, निरभ्र आकाशामुळे हानले येथे ४,५०० मी. उंचीवर भारताची खगोलीय वेधशाळा उभी राहिली.

लांबून हिरवे भासणारे मैदान जवळून पाहिले, तर खडीत वीतभर अंतरावर उगवलेले गवताचे झुबके दिसतात. मुख्य गवत जांभळट तुऱ्यांचे स्टिपा. ओलसर आग्नेय भागात कोब्रेसिया या गवतासारख्या वनस्पतीची दाट, चिवट गादी असते. झाडे नाहीत. गवताची वाढ मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच होते आणि उरलेले महिने जनावरे वाळक्या गवतावरच जगतात. ती जगतात याचे श्रेय कोरडेपणाला द्यायला हवे. बर्फ थोडा पडतो, जो पडतो तो वारा उडवून लावतो किंवा ऊन थेट हवेत विरवते. त्यामुळे उभे वाळलेले गवत हिवाळाभर उघडे राहते. एखाद्या वर्षी जाड बर्फ पडून गोठून बसला, की हजारो शेळ्यामेंढ्या उपासमारीने मरतात. इथल्या पशुपालकाला थंडीपेक्षा बर्फाचे भय अधिक आहे, ते यामुळे.

हे पशुपालक म्हणजे चांगपा. याकच्या केसांच्या काळ्या तंबूंत राहून ते ऋतुमानानुसार कुरणे बदलतात. पाणी सुमारे ८४° से.लाच उकळत असल्याने डाळ-कडधान्य शिजता शिजत नाही. भाजलेल्या सातूचे पीठ, त्सांपा, हा मुख्य आहार त्याला अगदी साजेसा आहे. सरपण म्हणजे याकच्या शेणी व शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. विरळ हवेत त्या नीट पेटाव्यात म्हणून कातड्याचा भाता वापरतात. थंडीपासून बचावासाठी शेळीच्या अंगावर येणारी १२–१५ मायक्रॉन जाडीची लव म्हणजेच पश्मिना. १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाली, लडाखी चांगपांची काही हिवाळी कुरणे पलीकडे गेली आणि तिबेटमधून आलेल्या निर्वासितांच्या कळपांसह उरलेल्या कुरणांवर ताण वाढला.

चिरू (तिबेटी हरिण), रानयाक, कियांग (रानगाढव) व काळ्या मानेचा क्रौंच हे येथील ठळक वन्यजीव. पिका या सशाच्या गणातील लहान प्राण्याला कुरणाचा शत्रू मानून विष घालण्यात आले. ते धोरण चुकीचे होते, कारण त्याच्या बिळांत पक्षी घरटी करतात आणि कोल्ह्यापासून अस्वलापर्यंत अनेकांचे ते भक्ष्य आहे. शाहतूश या अतितलम लोकरीसाठी चिरूंची बेसुमार शिकार झाली. १९९३ मध्ये तिबेटात चांगथांग अभयारण्य स्थापन झाले, शिकारीला आळा बसला आणि त्यांची संख्या सावरली.

अलीकडे पठार तापत आहे व पाऊसही वाढला आहे. सिलिंग त्सो १९७० च्या दशकात सुमारे १,७०० चौ. किमी. होते, आता २,३०० चौ. किमी.च्या पुढे जाऊन त्याने नाम त्सोलाही मागे टाकले आहे. काठची सपाट कुरणे पाण्याखाली गेली आहेत. पूर्वेकडील होह शिलमध्ये झुओनाय सरोवराच्या परिसरात चिरूच्या माद्या दर उन्हाळ्यात विण्यासाठी येतात. सप्टेंबर २०११ मध्ये त्या सरोवराचा काठ फुटला आणि उघड्या पडलेल्या तळावरून आता धूळ उडते.