गुण ब्रुअरीला की तळघराला?

एकाच ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराच्या दोन पबांत गेली, तर चार दिवसांनी दोन्हीकडची बिअर सारखी लागेलच असं नाही. एकीकडे ती टवटवीत, फळांच्या वासाची. दुसरीकडे मलूल आणि किंचित आंबूस. बाटलीतल्या बिअरचं असं झालं तर लोक कंपनीला बोल लावतात. ब्रिटनमध्ये जिला ‘रिअल एल’ म्हणतात, तिच्या बाबतीत मात्र आधी पबाच्या तळघराची चौकशी करावी. ही बिअर ब्रुअरीतून बाहेर पडते तेव्हा तयार झालेलीच नसते.

नेहमीची बिअर कारखान्यात गाळतात, बहुधा पाश्चराइजही करतात आणि पबात ती बाहेरच्या वायूच्या दाबावर ग्लासात येते. रिअल एलच्या पिंपात जिवंत यीस्ट आणि त्याला पुरेल एवढी साखर मुद्दाम राहू दिलेली असते. किण्वनाचा दुसरा फेरा पिंपातच होतो. त्यातूनच बुडबुडे येतात आणि चव मुरते. एकाच विरजणाचं दही दोन घरांत वेगळं लागतं, तसंच हे. १९६०च्या दशकात मोठ्या ब्रुअरींनी या कटकटीतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. १९७१ साली चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या केरी परगण्यात भटकायला गेले असताना डनक्विन गावच्या एका बारमध्ये त्यांनी या बिअरसाठी मोहीम काढायचं ठरवलं. तीच ‘कॅम्रा’ ही संस्था. तिची निवडक पबांची मार्गदर्शिका १९७४पासून निघते.

आता तळघरात उतरू. नेहमीचं पिंप, म्हणजे फर्किन, ९ गॅलनचं असतं: सुमारे ४१ लिटर, ७२ पाइंट. ते घोडीवर आडवं ठेवून पाचर मारून पक्कं करतात, कारण एकदा गाळ खाली बसला की पिंप हलता कामा नये. पिंपाच्या पोटावर वरच्या बाजूला एक मोठं बूच असतं. त्यात सच्छिद्र लाकडाची, पुष्कळदा बांबूची, बोटाएवढी खुंटी ठोकतात. तिला स्पाइल म्हणतात. ठोकल्याबरोबर खुंटीच्या टोकावर फेस फसफसून येतो. तळघर सांभाळणारा तो पुसतो, थांबतो आणि परत यायला किती वेळ लागतो ते बघतो. लगेच आला तर यीस्टचं काम जोरात चालू आहे. हळूहळू येऊ लागला की सच्छिद्र खुंटी काढून घट्ट लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. या घटकेला घाई झाली तर ग्लासात नुसता फेस, आणि उशीर झाला तर बिअर मेलेली.

गाळ बसवायची युक्ती तर आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना ओळखीची वाटेल. पालघरच्या मच्छीमाराच्या जाळ्यात घोळ माशांचा थवा सापडला की त्याची बातमी होते. एवढा भाव येतो तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, बोताला. अशाच पिशव्यांपासून आयझिंग्लास नावाचं कोलॅजेन, म्हणजे एक प्रथिन, काढतात. बिअरसारख्या आम्लधर्मी द्रवात त्याच्या रेणूंवर धनभार असतो, यीस्टच्या पेशींवर ऋणभार. दोघं एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात आणि तळाशी बसतात. एरवी बराच वेळ घेणारं काम एका रात्रीत उरकतं. शाकाहारी गिऱ्हाइकांमुळे अलीकडे काही ब्रुअरी हे वापरत नाहीत आणि थोडी गढूळ बिअर तशीच विकतात. माझ्या मते त्यात काही बिघडत नाही, पण जुन्याजाणत्यांना ग्लासातून पलीकडचं स्पष्ट दिसावं लागतं.

तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. इंग्रज लोक कोमट बिअर पितात ही थट्टा या आकड्यापाशी संपते. तापमान खूप उतरलं तर यीस्ट झोपतं, प्रथिनं आणि पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं एकत्र येऊन बिअर धुरकट होते आणि वासाचे रेणू ग्लासातून उठतच नाहीत. चढलं तर कार्बन डायऑक्साइड द्रवात टिकत नाही आणि नको असलेल्या जिवाणूंचं फावतं.

पण खरा वैरी ऑक्सिजन. पबाच्या काउंटरवरच्या हँडपंपाचा दांडा ओढून जेवढी बिअर वर न्यावी तेवढी हवा पिंपात शिरते. दुसऱ्या दिवशी चव जरा खुलतेही. मग मात्र उतरण लागते. साधारण तीन दिवसांत पिंप संपायला हवं. ७२ पाइंट, तीन दिवस, म्हणजे एका पंपामागे रोज २४ पाइंट. म्हणून अनोळखी पबात गेल्यावर आधी माणसं मोजावीत, मग पंप. रिकाम्या खोलीत दहा हँडपंप मिरवणारा पब बाहेरून कितीही जुना आणि देखणा असला तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही. भर गर्दीतले तीन पंप बरे.

शेफिल्डच्या डॉन नदीकाठचा केलम आयलंड हा भाग या दृष्टीने बघण्यासारखा आहे. पोलादाच्या गिरण्या बंद पडत असताना, १९८१ साली, इथे ‘फॅट कॅट’ हा पब सुरू झाला, आणि १९९०मध्ये त्याच्याच आवारात छोटी ब्रुअरी उभी राहिली. तिच्या ‘पेल रायडर’ला २००४ साली ब्रिटनची सर्वोत्तम बिअर म्हणून मान मिळाला. पलीकडचा ‘केलम आयलंड टॅव्हर्न’ २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पब ठरला. चालत फिरून तोच प्रकार दोन ठिकाणी चाखून बघता येतो, आणि तुलनेला तेच हवं असतं.

गुण कसे देतात? कॅम्राचे सदस्य बिअरच्या अवस्थेला ० ते ५ गुण देतात, अर्धा गुणही चालतो. तुम्हाला तो प्रकार आवडतो का, हा प्रश्नच नाही. कडू बिअर न आवडणाऱ्यानेही चांगल्या राखलेल्या कडू बिअरला चार द्यायचे. हे वाटतं त्याहून अवघड आहे. दोष मात्र ओळखता येतात. व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसेटोबॅक्टर हवेच्या संगतीने अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतोय. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे ऑक्सिडेशन. लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास डायॲसिटिलचा. एरवी यीस्ट ते स्वतःच परत शोषून घेतं. त्याला वेळ मिळाला नाही की ते राहून जातं. गंमत म्हणजे काही जणांना ते अत्यल्प प्रमाणातही जाणवतं आणि काहींना जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या गुणांवर पबाची पारख करता येत नाही.

मोजक्या नमुन्यांवरून कितपत बोलावं, हा प्रश्न डब्लिनच्या गिनीज ब्रुअरीत विल्यम गॉसेट या रसायनशास्त्रज्ञाला पडला होता. त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली जो लेख छापला, त्यातून संख्याशास्त्रातली आजची टी-चाचणी आली. औषधांच्या चाचण्यांत रोज वापरलं जाणारं हे हत्यार बिअरच्या धंद्यातलं आहे.

एका बाबतीत विज्ञानाने निकाल देऊनही भांडण मिटलेलं नाही. उत्तर इंग्लंडमध्ये नळाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची बारीक भोकांची टोपी लावतात. त्यातून बिअर झोताने फुटते, वायू सुटतो आणि वर दाट, सायीसारखा फेस येतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, त्यांतली कडू द्रव्यं फेसाकडे ओढली जातात, म्हणून खालची बिअर सौम्य लागते. दक्षिणेतल्यांना हा चवीचा खून वाटतो आणि उत्तरेतल्यांना फेसाशिवायचा पाइंट शिळा. शेफिल्डमध्ये तो नको असेल तर मागतानाच सांगायचं. पंप ओढायच्या आधी टोपी फिरवून काढून देतात.