क्लाऊड गेमिंग घ्यावं की पीसी? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दादा, ग्राफिक्स कार्डात पैसे घालू, की ते क्लाऊडवालं घेऊ?" काउंटरवर हल्ली हा प्रश्न फार येतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले, की कोटेशन वाचून झालं की गिऱ्हाईक कागदाची घडी खिशात ठेवतं आणि हेच विचारतं. आम्ही लातुरात कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो, घरांत आणि होस्टेलांत नेटवर्किंगची कामं करतो. पीसी विकला तर आमचा फायदा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी हे पत्रक वाचून ज्याला पीसीची गरज वाटणार नाही, त्याने खुशाल घेऊ नये.

आमचं मत असं: आठवड्यातून दोन-चार वेळा कथानकाचे किंवा गाड्यांचे गेम खेळणाऱ्याला, घरात फायबर आणि खोलीपर्यंत लॅन केबल असेल, तर क्लाऊड परवडतं. रोज रात्री रँकसाठी नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. मोबाइल डेटावर तर कोणीच नको.

हे चालतं कसं

गेम तुमच्या घरात नसतोच. तो कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतो. तुम्ही दाबलेलं बटण तिकडे जातं आणि तिथे तयार झालेलं चित्र व्हिडिओ होऊन इकडे येतं. म्हणून साधा लॅपटॉप, फोन किंवा टीव्हीही पुरतो आणि शंभर-शंभर जीबीचं डाउनलोड वाचतं.

"आमच्याकडे फोर-के यूट्यूब मस्त चालतं" हे मात्र इथे कामाचं नाही. यूट्यूब पुढचा थोडा भाग आधीच ओढून ठेवतं, त्यामुळे नेट क्षणभर अडखळलं तरी कळत नाही. गेममध्ये पुढे काय होणार हे तुमच्या बोटावर ठरतं, मग आधी ओढून ठेवणार काय? सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. चित्र उशिरा आलं की डोळ्याला धक्का बसतो.

लातूर मुंबईपासून पाचशे किलोमीटर, म्हणून आपल्याकडे हे जमणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. अंतराचा दोष तितका नाही. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पाचशे किलोमीटर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. तार सरळ जात नाही, वाटेत राउटर लागतात, हे धरूनही चांगल्या लाइनवर मुंबईचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, वीस-तीस मिलिसेकंदांच्या घरात मिळायला हरकत नसते. सर्व्हर सिंगापूरला असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईपासून ते जवळजवळ ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीसेक मिलिसेकंद नुसत्या प्रकाशाच्या प्रवासालाच लागतात आणि ते कोणताही प्लॅन कमी करू शकत नाही. म्हणून कुठल्याही सेवेचे पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न हाच: सर्व्हर भारतात आहे का?

कोणती सेवा

एक्सबॉक्स क्लाऊड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं. ते गेम पास या वर्गणीसोबत मिळतं. ऑक्टोबर २०२५ च्या बदलानंतर तिचे महिन्याचे भाव एसेन्शियल ४९९, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १,३८९ रुपये असे झाले. सगळ्यात चांगलं चित्र आणि सगळ्यात मोठी यादी अल्टिमेटमध्ये. काही सॅमसंग आणि एलजी टीव्हींवर, तसंच फायर टीव्ही स्टिकवरही ते चालतं. तुमचा टीव्ही त्यात बसतो का, हे मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणलात तर बघून सांगू.

जिओगेम्स क्लाऊड स्वस्त आहे आणि सेट-टॉप बॉक्सवरही चालतं. लहान लेकरांसाठी, किंवा हा प्रकार काय आहे ते बघण्यापुरतं ठीक. प्लेस्टेशनवाल्यांनी मात्र लक्ष द्यावं: परदेशात प्लेस्टेशन प्लसचा प्रीमियम प्लॅन स्ट्रीमिंगसह मिळतो, भारतात त्याच्या जागी डिलक्स आहे आणि त्यात क्लाऊड स्ट्रीमिंग नाही. परदेशी यूट्यूबरचा व्हिडिओ बघून वर्षाचे पैसे भरू नका.

एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊची तऱ्हा निराळी. तिथे गेम मिळत नाहीत, फक्त मशीन भाड्याने मिळतं. गेम तुम्ही स्टीम किंवा एपिक अशा ऑनलाइन गेमच्या दुकानांत विकत घेतलेले असावे लागतात, आणि तेही प्रकाशकाने परवानगी दिलेलेच. २०२० मध्ये काही मोठ्या प्रकाशकांनी आपले गेम तिथून काढून घेतले होते. आपला आवडता गेम यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. १०८० पी (फुल एचडी) चित्र, सेकंदाला ६० फ्रेम, यासाठी ते २५ एमबीपीएस नेटचा वेग मागतात. पिंग ८० च्या आत असायलाच हवा, ४० च्या आत असला तर उत्तम, असं तेच सांगतात.

खरा घोळ घरातच

तक्रार येते ती अशी: "शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी गेम अडकतो." विहिरीला पाणी भरपूर, पण मधली पाइपलाइन फुटकी, तसं हे असतं. शंभरचे शंभर राउटरपर्यंत येतात. राउटर पुढच्या खोलीत, देवघराच्या वर, आणि पोरगा मागच्या खोलीत, मधे दोन जाड भिंती. वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, जिथे शेजारच्या चार घरांचं वायफायही बोलतंय.

प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगतो. गाडीचा गेम सुरू आहे, रस्ता स्वच्छ, झाडाचं पानन्‌पान दिसतंय. तेवढ्यात घरात कुणीतरी लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला घेतं. आधी चित्र मऊ पडतं, लांबच्या पाट्या वाचता येत नाहीत. मग रस्त्यावर चौकड्या उमटतात. तुम्ही स्टिक डावीकडे नेता, गाडी सरळच जाते आणि भिंतीला घासल्यावर डावीकडे वळते. प्लॅन वाढवून हे बहुतेक वेळा जात नाही. अपलोडची रांग लागल्यामुळे तुमच्या बटणाचा निरोप मागे अडकलेला असतो. अपलोड थांबवा, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायची, सोय असेल तर गेमच्या मशीनला पहिला मान द्या.

उपाय स्वस्तातला आहे: राउटरपासून मशीनपर्यंत कॅट-६ लॅन केबल. भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसेल, तर ५ गिगाहर्ट्झचा बँड लावून राउटरच्या खोलीतच बसा. तो बँड भिंतीपलीकडे लवकर दमतो. कंट्रोलरही शक्यतो वायरने जोडा, ब्लूटूथने आणखी थोडा उशीर वाढतो. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमधला गेम मोड चालू करा. तो बंद असला की टीव्ही चित्र सजवण्यातच वेळ घालवतो. हे बटण फुकटचं आहे आणि बहुतेकांनी ते कधी दाबलेलंच नसतं.

ट्यूशन एरियातल्या होस्टेलवाल्या पोरांना स्पष्ट सांगतो: एका राउटरवर अख्खा मजला असेल, तर रात्री नऊ ते अकरा क्लाऊडवर खेळता येणार नाही. वर्गणी भरू नका. नीटची परीक्षा झाल्यावर बघू.

लाइट आणि ऊन

इथे क्लाऊडचा एक फायदा आहे. लाइट गेली की गेमिंग पीसी तीनशे-चारशे वॅट ओढत इन्व्हर्टर लवकर उतरवतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. राउटर आणि फायबरचा डबा मिळून बल्बाएवढीच वीज खातात, छोट्या राउटर यूपीएसवर तास-दोन तास निघतात. फक्त तुमच्या केबलवाल्याच्या चौकातल्या डब्यालाही बॅकअप आहे का, हे विचारून घ्या, नाहीतर घरचं यूपीएस कामाचं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून आपणच वेग कमी करतं. क्लाऊडमध्ये ते तापणं डेटा सेंटरचं.

डेटा आणि पैसा

सतत २० एमबीपीएस ओढलं तर तासाला ९ जीबी जातात. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर तेरा-चौदा मिनिटांत खेळ खलास. घरच्या फायबरवर रोज दोन तास खेळलात तर महिन्याला ५४० जीबी. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनची मर्यादा बहुतेक ३,३०० जीबी असते, तिथे चिंता नाही. एअरफायबरला, म्हणजे तारेविना येणाऱ्या घरच्या नेटला, मर्यादा सहसा १,००० जीबीची. घरात टीव्हीही नेटवरच असेल तर महिना संपायच्या आधी वेग पडेल.

वर दिलेल्या भावाने अल्टिमेटचे बारा महिने म्हणजे १६,६६८ रुपये. चार वर्षांत साधारण ६६,७०० होतात, आणि शेवटी हातात विकायलाही काही उरत नाही. तेवढ्यात पीसी येतो, जो अभ्यासाला, टॅलीला, व्हिडिओ एडिटिंगलाही चालतो. पण वर्षातून चार महिनेच खेळणार असाल, सुट्टीत आणि दिवाळीत, तर महिन्या-महिन्याने वर्गणी घ्या आणि बंद करा. मग हिशोब क्लाऊडच्या बाजूने जातो. ऑटो-पेचा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करायला विसरू नका.

सेवा बंद पडली तर काय, हेही विचारायला हवं. गूगलचं स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं, जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. गूगलने गेमचे पैसे परत केले. सगळेच करतील असं धरून चालू नये. वर्गणीतले गेम तुमचे नसतात, ते यादीतून निघूनही जातात. स्टीमवर घेतलेला गेम मात्र जीफोर्स नाऊ सोडलं तरी तुमच्या खात्यात राहतो.

आई-वडिलांसाठी एवढंच: हे पैसे लावून खेळायचे गेम नव्हेत. तसल्या गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. आणि लेकरू फक्त बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळत असेल, तर ते फोनवरच चालतात. क्लाऊडचा खर्च करू नका.

आधी तपासा

रात्री नऊनंतर, जिथे बसून खेळणार तिथूनच स्पीड टेस्ट लावा. ॲप आपणहून जवळचा, बहुतेकदा तुमच्याच केबलवाल्याचा सर्व्हर निवडतं आणि पिंग ३ दाखवतं. तो आकडा फसवा आहे. सर्व्हर बदलून मुंबई करा. डाउनलोड-अपलोड चालू असतानाचा पिंगही तिथेच दिसतो. तो साध्या पिंगपेक्षा फार उडी मारत असेल, शंभरच्या वर जात असेल, तर आधी राउटर आणि केबलचं बघू, वर्गणीचं नंतर. दोन-तीन रात्रींचे स्क्रीनशॉट घेऊन दुकानात या. ते बघायचे आम्ही पैसे घेत नाही. राउटर तपासायला आणणार असाल तर त्याचा अडॅप्टरही सोबत आणा. पुष्कळदा बिघाड त्यातच निघतो.