‘स्केपगोट’चा बकरा नेमका कोणता?

दुसऱ्यांच्या चुकांची शिक्षा ज्याला भोगावी लागते त्याला इंग्रजीत ‘स्केपगोट’ म्हणतात आणि मराठीत आपण त्याला सर्रास ‘बळीचा बकरा’ म्हणतो. अर्थ पोचतो, पण बकरा बदलतो. मूळ विधीत बकरे दोन होते. त्यांतल्या एकाचा बळी जाई आणि दुसऱ्याला सोडून देत. इंग्रजी शब्द या दुसऱ्यावरून आला आहे.

हा विधी बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सांगितला आहे. यहुदींच्या योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजकापुढे दोन बकरे उभे करायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक चिठ्ठी परमेश्वराची, दुसरी ‘अझाझेल’ची. परमेश्वराच्या वाट्याचा बकरा पापार्पण म्हणून कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं मोठ्याने कबूल करायची आणि त्याला एका माणसाबरोबर रानात पाठवून द्यायचं. ग्रंथ एवढंच सांगतो. बकऱ्याला मारायचं, असं त्यात कुठेही नाही. सोडून परत येणाऱ्या माणसाने मात्र वस्तीत शिरण्याआधी कपडे धुऊन आंघोळ करायची.

पुढच्या काळातल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात तपशील वाढतात. दोन्ही बकरे दिसायला, उंचीला आणि किमतीलाही सारखे हवेत, असं तिथे म्हटलं आहे. मला हा तपशील फार बोलका वाटतो: दोघांत फरक फक्त चिठ्ठीचा. पाठवायच्या बकऱ्याला लाल लोकरीचा धागा बांधत आणि शेवटी त्याला कड्यावरून ढकलून देत, असंही मिश्ना सांगते. म्हणजे सुटलेला बकराही पुढे सुटेनासा झाला होता. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले विधी थांबले. योम किप्पूर उपास आणि प्रार्थनेच्या रूपाने टिकून राहिला. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या यहुदी समाजात, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ असं नाव होतं. दारं लावून, बाहेरच्या कुणाशी संबंध न ठेवता ते हा दिवस पाळत.

आता शब्दाकडे येऊ. सगळा घोळ ‘अझाझेल’पाशी आहे. हे रानातल्या कुणा शक्तीचं नाव असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. प्राचीन हनोखच्या ग्रंथात अझाझेल हा माणसांना शस्त्रं घडवायला शिकवणारा पतित देवदूत आहे. पण हिब्रूत ‘एझ’ म्हणजे बकरा आणि ‘अझल’ म्हणजे निघून जाणं. नाव फोडून वाचलं की ‘निघून जाणारा बकरा’ असा अर्थ लागतो. जेरोम या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाने केलेल्या लॅटिन बायबलमध्ये त्याचा ‘कापेर एमिसारिउस’, म्हणजे पाठवून दिलेला बकरा, झाला.

याच वाचनावरून विल्यम टिंडेलने १५३० मध्ये नवा इंग्रजी शब्द जोडला. ‘स्केप’ हे ‘एस्केप’चं तेव्हाच्या बोलण्यातलं आखूड रूप, त्याला ‘गोट’ लावला की झाला ‘सुटून जाणारा बकरा’. चर्चच्या परवानगीशिवाय बायबलचं इंग्रजी भाषांतर करायला इंग्लंडमध्ये बंदी होती, म्हणून टिंडेल परदेशात राहून काम करत होता. हिब्रूतून थेट इंग्रजीत आणणारा तो पहिला छापील भाषांतरकार. ‘पासओव्हर’ हा जोडशब्दही त्याचाच. १५३५ मध्ये अँटवर्पला तो पकडला गेला आणि पुढच्या वर्षी ब्रसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारून जाळण्यात आलं. त्याचा शब्द मात्र राजा जेम्सच्या १६११ च्या अधिकृत बायबलमध्येही राहिला. १८८५ च्या सुधारित आवृत्तीत संपादकांनी तिथे पुन्हा ‘अझाझेल’ आणला, पण तोवर शब्द बायबलबाहेर पडला होता. दुसऱ्यांचा दोष वाहणारा माणूस, हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळला होता.

इतर भाषांनी आपापली बाजू उचलली. फ्रेंचने लॅटिनच्या वाटेने ‘पाठवलेला बकरा’ ठेवला, जर्मन थेट ‘पापाचा बकरा’ म्हणते. मराठीतला ‘बळीचा बकरा’ आता इतका रुळला आहे की तो बदला, असं मी म्हणणार नाही. पण मूळ विधीच्या जास्त जवळचा वाक्प्रचार आपल्याकडे आहे आणि त्यात बकराच नाही: दुसऱ्याच्या माथी खापर फोडणं. याजकाचे दोन्ही हातही त्या बकऱ्याच्या माथ्यावरच असत.