मराठवाड्यातील सार्वजनिक विद्यापीठांतील पदवी-प्रवेश व शिक्षणखर्च

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत बारावीनंतर पहिल्या पदवीच्या वर्गात प्रवेश मिळण्याची पद्धती आणि त्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याला प्रत्यक्षात करावा लागणारा खर्च यांचा विचार या नोंदीत केला आहे. प्रदेशात दोन अकृषी सार्वजनिक विद्यापीठे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे जिल्हे येतात, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली. दोन्हींचा कारभार १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठ परिसरात नसून संलग्न महाविद्यालयांत शिकतात, त्यामुळे विद्यापीठातील प्रवेश म्हणजे व्यवहारात जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातील प्रवेश होय.

निजामी राजवटीत या प्रदेशाचे उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते व त्याचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय आपली परंपरा १९२३ च्या सुमारास सुरू झालेल्या इंटरमिजिएट महाविद्यालयापर्यंत नेते. मराठवाड्यातील महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ तेथून धरावा की १९५० पासून, याविषयी एकवाक्यता नाही. त्या वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय काढले आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. संस्थेच्या वयाचा प्रश्न असेल तर पहिले मत बरोबर आहे; परंतु पदवीपर्यंतचे शिक्षण सामान्य कुटुंबातील मुलांच्या आवाक्यात कधी आले, असा प्रश्न असेल तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर स्वतंत्र विद्यापीठाच्या मागणीचा विचार पालनिटकर समितीने केला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. पहिले कुलगुरू सु. रा. डोंगरकेरी हे होते. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ वेगळे निघाले.

प्रवेशाच्या इतिहासात सर्वांत वादग्रस्त ठरलेली बाब म्हणजे वैद्यकीय पदवीसाठी दीर्घकाळ लागू असलेले ७० : ३० हे प्रादेशिक सूत्र. अखिल भारतीय कोटा वगळून उरलेल्या राज्याच्या जागांपैकी ७० टक्के जागा त्या त्या विभागातील (मराठवाडा, विदर्भ व उर्वरित महाराष्ट्र) विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के संपूर्ण राज्यासाठी खुल्या, असे त्याचे स्वरूप होते. याचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या, मराठीभाषक राज्यासाठी तिन्ही विभागांतील नेत्यांनी केलेल्या, नागपूर करारात शोधण्याची प्रथा प्रादेशिक चळवळीच्या लेखनात रूढ आहे. वैज्ञानिक व तांत्रिक व्यवसायांचे शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेशातही तिन्ही घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असे त्या करारात खरोखरच म्हटले होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. मात्र करारातील तत्त्व लोकसंख्येच्या प्रमाणाचे आहे. विभागातील महाविद्यालयाच्या जागा त्याच विभागाच्या विद्यार्थ्यांना किती द्याव्यात, याचा आकडा त्यात नाही.

आकड्याचा माग न्यायालयीन निर्णयांत लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तमिळनाडूतील वैद्यकीय जागांची गटवार वाटणी पेरियाकरुप्पन प्रकरणात रद्द केली, पण त्याच सुमारास म्हैसूर राज्यातील विद्यापीठवार वाटणी चंचला प्रकरणात वैध ठरवली. १९८४ च्या प्रदीप जैन प्रकरणात निवास अथवा संस्था यांवर आधारित पसंतीला एमबीबीएससाठी ७० टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर १९८६ मध्ये निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात महाराष्ट्राची विभागवार योजना न्यायालयाने मूळ स्वरूपात घटनाबाह्य ठरवली. परंतु मागास भागांतील शैक्षणिक सोयींची स्थिती ध्यानात घेऊन विभागातील विद्यार्थ्यांसाठी ७० टक्क्यांपर्यंत जागा राखण्यास वाव ठेवला. यावरून सूत्राची राजकीय प्रेरणा नागपूर करारात आणि त्याची संख्यात्मक चौकट १९८४ व १९८६ च्या निर्णयांत आहे, हा मध्यम पक्ष स्वीकारणे सयुक्तिक वाटते. मागास विभागांच्या संरक्षणासाठी मानले गेलेले हे सूत्र अखेर मराठवाड्यातूनच होणाऱ्या मागणीनुसार सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. विभागात वैद्यकीय महाविद्यालये व पर्यायाने जागा कमी, आणि लातूर, नांदेड येथील शिकवण्यांमुळे गुणवान उमेदवार अधिक, त्यामुळे ७० टक्क्यांची भिंत मराठवाड्याच्या मुलांनाच आडवी येते, असे मागणी करणाऱ्यांचे म्हणणे होते. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेल्याने हा वाद काटेकोरपणे पाहता या दोन विद्यापीठांच्या कक्षेबाहेरचा आहे, तथापि प्रदेशातील प्रवेशविषयक चर्चेवर त्याची छाप आहे.

कला, वाणिज्य व विज्ञान या पारंपरिक शाखांत सामायिक परीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर महाविद्यालय स्तरावर प्रवेश होतो आणि नामवंत महाविद्यालयांतील विज्ञान व वाणिज्याच्या तुकड्या वगळल्यास गुणवत्ता यादीची चुरस फारशी नसते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र व कृषी यांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बीबीए, बीसीए व तत्सम अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्याने २०२४-२५ पासून त्यांनाही सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी जागांच्या मानाने परीक्षार्थी फार कमी आल्याने परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची श्रेयांकाधारित रचना २०२४-२५ मध्ये आली. तीत तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स आणि मध्येच बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र वा पदविका मिळते.

आरक्षण राज्याच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे आहे : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९ टक्के, याशिवाय आर्थिक दुर्बल घटक १० आणि २०२४ च्या अधिनियमाने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग (मराठा समाज) १०. मराठवाड्याचे वेगळेपण कागदपत्रांत आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. येथील जुने महसुली अभिलेख निजामी अमलातील, पुष्कळदा उर्दू वा मोडीतील, असल्याने खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) किंवा शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यातील एका नोंदीसाठी कुटुंबाला तहसीलचे उंबरठे झिजवावे लागतात. मराठा कुटुंबांना इतर मागासवर्गातील कुणबी दाखला देण्यासाठी लागणाऱ्या जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमण्यात आली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने निजामकालीन हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याची कार्यपद्धती ठरवली. दाखला व जातपडताळणी वेळेत न झाल्यास पात्र विद्यार्थ्यालाही खुल्या प्रवर्गातून, म्हणजे पूर्ण शुल्क भरून, प्रवेश घ्यावा लागू शकतो. त्यामुळे प्रवेश आणि खर्च हे येथे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

अनुदानित, म्हणजे शिक्षकांच्या वेतनाचा भार शासन उचलते अशा, तुकडीत शिक्षणशुल्क अल्प असते. त्यासोबत नोंदणी, पात्रता, ग्रंथालय, प्रयोगशाळा व परीक्षा अशी शुल्के आणि परत मिळणारी अनामत रक्कम भरावी लागते. विनाअनुदानित तुकडीत तोच अभ्यासक्रम बराच महाग पडतो. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदानित तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आल्यामुळे ही दुहेरी स्थिती तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची शुल्कसवलत, बोलीभाषेतील ‘ईबीसी’, सामान्यतः यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील, साधारणपणे १९५९-६० ची मानली जाते. सध्या तिची जागा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेने घेतली असून उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख असून त्यावरील उत्पन्नगटास शुल्कमाफी, म्हणजे ‘फ्रीशिप’, मिळते. अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावे लागतात. रक्कम जमा होण्यास होणारा विलंब ही या व्यवस्थेतील जुनी तक्रार आहे.

प्रत्यक्षात कुटुंबावर पडणारा मोठा भार राहण्या-जेवण्याचा असतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेतील रकमांवरून शासनाने हा खर्च किती धरला हे दिसते : मुंबई, पुणे यांसारख्या महानगरांत वर्षाला ६०,०००, इतर महापालिका शहरांत ५१,००० आणि अन्य जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणी ४३,००० रुपये. खोलीभाडे, मेस व बसभाडे यांचा हिशेब केल्यास अनुदानित शिक्षणाचे शुल्क त्यापुढे किरकोळ ठरते. म्हणूनच एसटीच्या मासिक पासमधील दोन-तृतीयांश सवलत ग्रामीण विद्यार्थ्याला अनेकदा शुल्कमाफीपेक्षा अधिक उपयोगी पडते. दोन्ही विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आहे.

दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्कमाफी ही महसुली सवलतींपैकी एक असते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले तेव्हा मराठवाड्यातील अनेक तालुक्यांना ती लागू झाली. मात्र ही माफी परीक्षेपुरतीच असते. पीक गेलेल्या वर्षी खोलीभाडे व मेसचे पैसे थकून शिक्षण सुटते, त्यावर तिचा उपाय होत नाही. नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रे छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथे आहेत. कृषी पदवीचे प्रवेश परभणीच्या, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामार्फत न होता राज्यस्तरावरच होतात.