भिंतीवरची मातीची रेघ

जूनमधला पहिला दणकून पाऊस झाला की त्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. आमच्याकडे अशा वेळी घरातले सगळे दिवे मालवून पडवीतला एकच चालू ठेवायचे आणि त्याच्याखाली परातीत पाणी. सकाळी परातीत, उंबऱ्याशी, खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा खच पडलेला असे. तो केरसुणीने गोळा केला की विषय संपला. हे पंख वाळवीचे असतात आणि ते कुठून आले हे बघणं म्हणजे घराची फुकटात होणारी तपासणी आहे, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

बाहेरून दिव्याकडे येणाऱ्या वाळवीची फारशी काळजी नको. माती भिजली की आसपासच्या वसाहतींमधून पंखवाले नर-मादी एकदमच बाहेर पडतात, थोडं उडतात, पंख गाळतात आणि जोडी जमली की ओल्या मातीत शिरतात. त्यातले बहुतेक पाली, बेडूक आणि पाखरांच्या पोटात जातात. पण तेच किडे स्कर्टिंगच्या फटीतून किंवा चौकटीच्या बुडातून निघताना दिसले तर समजावं, वसाहत घराशीच आहे आणि जुनी आहे. नव्या वसाहतीत पंखवाली पिढी तयार व्हायला काही वर्षं जावी लागतात. पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत उडतात, म्हणून एक किडा उचलून नीट बघा. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असतात आणि तिला कंबर नसते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर अगदी बारीक.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत आहे, पण तिचं नातं मुंगीशी नाही, झुरळाशी आहे. २००७ साली जनुकीय तुलनेतून वाळवी ही झुरळांच्याच वंशवृक्षाची एक फांदी असल्याचं स्पष्ट झालं. आपण ज्याला मुंग्यांचं वारूळ म्हणतो, नागपंचमीला ज्याची पूजा करतो, तेही वाळवीनेच बांधलेलं असतं. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत, भारतात सुमारे ३००. त्यातल्या मोजक्याच घरात शिरतात. बाकीच्या रानात मेलेलं लाकूड आणि पाचोळा परत मातीत मिसळायचं काम करतात, आणि ते काम फार मोलाचं आहे.

कामकरी वाळवी आंधळी असते आणि तिची कातडी इतकी पातळ की कोरड्या हवेत ती थोड्याच वेळात सुकून मरते. म्हणून ती उघड्यावरून चालत नाही. मातीचे कण, लाळ आणि विष्ठा यांचं लिंपण करत ती पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते आणि तिच्या आतून, अंधारात आणि दमट हवेत, ये-जा करते. भिंतीवर दिसणारी मातीची वाकडीतिकडी रेघ ती हीच. मला या नळीचं फार अप्रूप वाटतं. तांदळाच्या दाण्याएवढा, न दिसणारा जीव आपल्या बिळातली हवा बरोबर घेऊन मजलाभर वर चढतो. आणि वाळवीचा बंदोबस्त करण्याची किल्लीही या नळीतच आहे: वाळवीला ओल आणि मातीशी जोडलेला रस्ता लागतो.

आमच्या घरात वडिलांचं पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून होतं. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघराचा पाइप गळत होता. एके दिवशी खालच्या कप्प्यातला एक जाडजूड ग्रंथ ओढला. बाहेरून काही कळत नव्हतं, पुठ्ठ्याच्या पाठीवरची सोनेरी अक्षरंसुद्धा शाबूत होती. हातात आला तो नुसता पुठ्ठा, आणि आत पानांच्या जागी ओलसर, भुसभुशीत मातीचा ठोकळा. तो मोडला तेव्हा आतून पांढरट दाणे चहूकडे पांगले. ओळीने अकरा पुस्तकं तशीच निघाली.

ती पानं गेली कुठे? वाळवीच्या काही जातींच्या पोटात लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव असतात. पण आपल्याकडे जिथेतिथे आढळणाऱ्या ओडोन्टोटर्मिससारख्या वाळव्या शेती करतात. चावलेलं लाकूड किंवा कागद त्या पोटातून नेऊन जमिनीखालच्या कोठीत स्पंजासारख्या वाफ्यांवर रचतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि बुरशीने मऊ केलेलं ते अन्न खातात. म्हणजे वडिलांची पुस्तकं अंगणाखाली कुठेतरी खत म्हणून पडली होती. याच बुरशीला पावसाळ्यात जमिनीवर छत्र्या येतात. कोकणात लोक त्या अळंबी म्हणून आणि गोव्यात रोण ओळमी म्हणून आवडीने खातात. वाळवीविना ही अळंबी येत नाहीत, म्हणूनच ती अजून रानातूनच आणावी लागतात.

वाळवी आतून पोखरते आणि रंगाचा पापुद्रा शाबूत ठेवते, त्यामुळे नुसतं बघून भागत नाही, ठोकून बघावं लागतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकटीची बाही खालून वर ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोखरलेल्याचा पोकळ. रंग फुगलेला असेल तिथे टोक दाबून बघा. ठोकल्यावर लगेच कान लावला तर कधीकधी आतून वाळलेला कागद चुरगळल्यासारखी सळसळ ऐकू येते. ते सैनिक असतात, डोकं लाकडावर आपटून बाकीच्यांना सावध करतात.

नळी सापडली की ती पूर्ण खरवडून टाकू नका. मधला बोटभर तुकडा तोडा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. दोन दिवसांत तुटलेली जागा ओल्या, गडद मातीने सांधली गेली तर वाळवी चालू आहे. आमच्या चौकटीवरची नळी एका रात्रीत सांधली गेली. मात्र नळी तशीच राहिली म्हणून वाळवी गेली असंही नाही, रस्ता बदललेला असू शकतो.

कोरड्या लाकडातली वाळवी वेगळी. ती मातीशी संबंध न ठेवता एखाद्या खुर्चीत किंवा पलंगात राहते, किनारपट्टीच्या दमट हवेत अधिक आढळते. तिची खूण म्हणजे फर्निचरखाली पडलेले खसखशीसारखे टणक दाणे, भिंगातून सहा पैलूंचे दिसणारे. मैद्यासारखी मऊ पूड पडत असेल तर तो भुंगा, त्याचे उपाय वेगळे.

आता उपचार. आम्ही पहिल्यांदा बोलावलेल्या माणसाने चौकटीवर आणि कपाटावर उग्र वासाचा फवारा मारला. दिसणारी वाळवी मेली, पैसे घेऊन तो गेला, आणि दीड महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवी रेघ उमटली. रॉकेल, डिझेल, दुकानातले स्प्रे, सगळ्यांचं असंच होतं. अंगावर पडेल तेवढी वाळवी मरते, बाकीची वास टाळून दुसरीकडून येते. राणी जमिनीत सुरक्षित असते. ती दहा वर्षांहून जास्त जगू शकते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. फवाऱ्याने मेलेल्यांची भरपाई व्हायला तिला वेळ लागत नाही.

त्यामुळे औषध जायला हवं ते मातीत. भिंत आणि फरशी मिळतात तिथे साधारण ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून खालची माती भिजेपर्यंत औषध सोडतात, मग भोकं बुजवतात. बाहेरच्या बाजूला जोत्यालगत चर खणून तेच करतात. पूर्वी यासाठी ऑल्ड्रिन आणि क्लोर्डेन सर्रास वापरत. ती वर्षानुवर्षं मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत टिकून राहतात म्हणून १९९६ मध्ये भारतात त्यांच्यावर बंदी आली. हल्लीचं फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही आणि लगेच मारतही नाही. वाळव्या एकमेकींना चाटतात, तोंडातून तोंडात अन्न देतात, आणि तसं करताना औषधही वाटतात. म्हणून परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि ते चांगलंच आहे. ही औषधं पाण्यातल्या जीवांना आणि मधमाश्यांना घातक असतात. घरालगत विहीर किंवा आड असेल तर हे आधी सांगा, आणि त्या बाजूला औषध सोडू देऊ नका.

तरी औषधाआधी प्लंबरला बोलवा, असंच मी म्हणेन. आमचा गळका पाइप दुरुस्त झाला नसता तर दुसरा उपचारही किती टिकला असता याची मला शंका आहे. वरच्या मजल्यावर वाळवी येते तेव्हाही ती बहुधा पाइपांच्या डक्टमधून चढलेली असते, आणि तिथे कायमची ओल मिळाली तर खालच्या मातीवाचूनही राहू शकते.

घर बांधत असाल तर सगळ्यात सोपी वेळ हीच. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ६३१३ या मानकात जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या उभ्या बाजूंना ७.५ लिटर द्रावण सांगितलं आहे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या नुसत्या भरावालाच ५०० लिटर. पाठीवरचा १६ लिटरचा पंप तीसेक वेळा भरावा लागेल. ‘अँटी टर्माइट करून घेतलं’ असं सांगणाऱ्याला पंप किती वेळा भरला हे जरूर विचारा. भरावात शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या गाडल्या जाणार नाहीत हे स्वतः उभं राहून बघा. त्या गाडणं म्हणजे वाळवीला घराखालीच शिधा भरून देणं आहे. चौकटीचे पाय फरशीखाली मुरमात उतरवू नका. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, पण सालीकडच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, म्हणून ‘सागाची चौकट’ एवढ्यावर विसंबू नये. राहत्या घरात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी काढा, लाकूडफाटा आणि कुंड्या भिंतीला टेकवू नका.

आमच्या चौकटीची खालची दोन फूट बाही सुताराने कापून नवी बसवली. वरच्या भागात तुटलेली नळी आणि शेजारची पेन्सिलीची तारीख मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. दोन पावसाळे झाले, ती जागा अजून सांधली गेलेली नाही. यंदाच्या पहिल्या पावसात पंख पडले ते सगळे बाहेर, पडवीतल्या दिव्याखाली.