ओक ॲली : मेहुण्यांची अदलाबदल आणि साखरेचं कर्ज

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या व्हॅशरी गावाजवळ, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर 28 जुन्या ओक झाडांची दुहेरी रांग आहे आणि तिच्या टोकाला 28 खांबांचा वाडा, म्हणजेच ओक ॲली. 1837 ते 1839 या काळात तो गुलामांच्या हातांनी उभा राहिला. वाड्याभोवतीचा उसाचा मळा जाक तेलेस्फोर रोमनकडे आला तो मात्र 1836 मध्ये, मेहुणा व्हाल्कूर एम याच्याशी अदलाबदल करून. व्हाल्कूरची बायको जोसेफीन ही जाकची सख्खी बहीण; आणखी एक भाऊ, आंद्रे, दोन वेळा लुइझियानाचा गव्हर्नर. थोडक्यात, जमीन नात्यातच फिरत होती.

त्याला कारण होतं. 1795 मध्ये एत्येन द बोरेने न्यू ऑर्लिन्सजवळ दाणेदार साखर यशस्वीपणे काढली आणि नदीकाठ उसाखाली गेला. पण कापसाचं चालतं तसं या पिकाचं नुसत्या जमिनीवर भागत नाही. चरक, बॉयलर, भट्ट्या आणि व्हर्जिनिया-मेरीलँडहून आणून बाजारात विकलेली माणसं, सगळ्याला आधी पैसा लागे. हाती रक्कम यायची ती साखर विकल्यावर. तोवर भिस्त न्यू ऑर्लिन्सच्या अडत्यावर: तो साखर विके, किराणा नि दारू पाठवी, उचल देई आणि प्रत्येक व्यवहारावर आपलं कमिशन कापून घेई.

त्यात थंडी. आपल्याकडे आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. तिथे हिवाचा कडाका यायच्या आत, नऊ-दहा महिन्यांतच कापणं भाग. ऑक्टोबरात गाळप सुरू झालं की रात्रंदिवस पाळ्या. रस एका काहिलीतून दुसरीत पळ्यांनी उपसत न्यायचा: ग्रांद, फ्लांबो, सिरो आणि शेवटची बातरी. काहिली जशा लहान होत जात, तशी आच वाढे. उकळता पाक अंगावर उडे, पेंगुळलेला हात चरकात जाई. (कारखान्यांत आजही रस आटवणाऱ्या बंद टाक्यांची रांग असते. त्या पद्धतीचं पेटंट 1840 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बेर रिलियूने घेतलं. तो स्वतः मिश्रवंशीय होता.)

जाक 1848 मध्ये क्षयाने गेला. लुइझियानाचा वारसा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा. पत्नीचा निम्मा वाटा आणि मुलांचे समान हिस्से काढायचे, म्हणजे प्रत्येक वस्तूची किंमत लावणं आलं. त्या यादीत गुरं नि अवजारांसारखीच माणसंही. एक नोंद अंत्वानची: वय 38, माळी, पेकनची कलमं बांधण्यात तरबेज, किंमत 1,000 डॉलर. पेकन म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. त्याचं कलम धरत नाही असा अनुभव होता. अंत्वानने 1846-47 च्या हिवाळ्यात 16 झाडांवर ते धरवून दाखवलं होतं.

विधवा सेलिना पिलिएला व्यवहार जमला नाही. खर्च सुटला, कर्ज चढलं आणि 1859 मध्ये मुलगा आंरीने कारभार हाती घेतला. वेळ वाईट होती. दोनच वर्षांत अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. 1861 मध्ये लुइझियानात साडेचार लाखांहून जास्त पिंपं साखर निघाली होती. 1864 मध्ये दहा हजारांच्या आसपास. गुलामगिरी गेली आणि ज्या गुलामांच्या नावावर कर्ज मिळत असे ते ‘तारण’च उरलं नाही.

1866 मध्ये मळा लिलावात 32,800 डॉलरला गेला. लिलाव पुकारणारे घरचेच: आतोबा व्हाल्कूर आणि आंरीच्या बहिणी. व्हाल्कूरचा एकुलता मुलगा 1854 मध्ये पीतज्वराने गेला तेव्हाच त्याने शेतीची रोजनिशी लिहिणं थांबवलं होतं. लिलावानंतर तोही फार जगला नाही.

युद्ध संपलं तेव्हा मळ्यावर पेकनची 126 कलमी झाडं होती. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्या फळाला बक्षीस मिळालं आणि वाणाचं नाव पडलं ‘सेंटेनियल’, म्हणजे शताब्दी. पुढे उसासाठी जमीन मोकळी करताना त्यातली बरीच झाडं तोडली गेली.